मुंग्यांनी उचललेला तांदूळ

रेशनच्या तांदळात पिवळट दाणे निघाले आणि सरपंच गणूआबांनी चावडीवरून सांगितलं, "प्लास्टिक आहे ते! निवडून फेका." बाया सुपं घेऊन बसल्या.

छबूचा हात मात्र अडखळला. तिच्या पहिल्या लेकीचा मणका जन्मतःच उघडा होता; ऑपरेशनपायी दोन्ही म्हशी विकाव्या लागल्या. आता दुसऱ्या बाळाचा विचार होता, आणि अंगणवाडीच्या ताई म्हणत होत्या, "ते दाणे तांदळाच्या पिठाचेच, जीवनसत्त्व घातलेले. दिवस जाण्याआधीपासून पोटात गेले तर असा धोका कमी होतो." खरं कुणाचं मानावं?

दुसऱ्या दिवशी ती आबांपुढे ताटली घेऊन आली. एका कडेला फुटक्या प्लास्टिकच्या बादलीचे तुकडे जसेच्या तसे होते. दुसऱ्या कडेला ते पिवळट दाणे मुंग्या ओढून नेत होत्या.

"आबा, रात्रभर दोन्ही मोरीपाशी ठेवलं. मुंग्यांनी तुमचं प्लास्टिक नेलं, माझं सोडलं."

"मुंगीला काय अक्कल?"

"अक्कल नसेल, आबा. पण ती खाऊन बघते, मग सांगते. तुम्ही चाखलंत का?"

निवडलेले दाणे परत तांदळात सगळ्यांत आधी आबांच्याच बायकोनं ओतले.