कातळावरचं कडं

डोंगरांना अजून नावं मिळाली नव्हती, त्या काळी एका रानात वणवा पेटला आणि त्यात हरिणीचं पाडस गेलं. तिने वानराला त्याचं चित्र काढायला सांगितलं. वानराने गेरूने कान, डोळे, पाठीवरचे ठिपके, सगळं हुबेहूब काढलं. हरिणी बराच वेळ पाहत राहिली.

"रूप त्याचंच आहे," ती म्हणाली, "पण मला काय झालंय, ते यात नाही."

ते ऐकून साळिंदर पुढे आलं. शेजारचा कातळ काजळीने काळा पडला होता. त्यावर त्याने आपल्या काट्याने एक मोठं कडं ओढलं आणि एका जागी ते जुळवलंच नाही.

"यात पाडस कुठे आहे?" हरिणीने विचारलं.

"तुमचं पाडस मी कधी पाहिलं नव्हतं, ताई. आग विझल्यावर तुमचा कळप गोल करून उभा होता. त्यात एक जागा मोकळी होती. तेवढीच मी पाहिली."

हरिणीने त्या मोकळ्या जागेवर कपाळ टेकवलं आणि वणव्यानंतर पहिल्यांदाच ती रडली.

दुसऱ्या दिवशी तिथे कोल्हीण आली. तिची दोन पिल्लं आगीत गेली होती. पाडसाच्या चित्रावरून तिची नजर नुसती फिरली, पण कड्यापाशी ती थांबली. हरिणी घाबरून उठली.

"ही माझ्या पिल्लांची जागा आहे," कोल्हीण हळूच म्हणाली.

हरिणी पळाली नाही. ती थोडी बाजूला सरकली.