ढेपेची पहिली मूठ

"चोराले मारण्यात पाप कसलं जी, बाबाजी?"

रतिरामने हे विचारलं तेव्हा गैबीशाह फकीर बोडीच्या काठावर धुतलेली कफनी पिळत होते. बोडी म्हणजे गावाचं लहान तळं. तिच्या पाण्यावर खालची धानाची शेतं भिजायची आणि काठावरच्या धीवरांच्या चुली पेटायच्या.

"कोणता चोर?"

"मरळ. दुसरा कोणता? मागच्या साली कटला-रोहूचं बीज सोडलं, बोटाएवढं. मरळीनं सारं गिळलं. शिंगूरही तिच्याच जातीचा. गाळात बसून राहाचं आणि आयतं येईल ते खाचं."

"पहिले काय खात होती ते?"

"खात असंल काही. तेव्हा आमचं बीज नव्हतं."

फकीर हसले. रतिरामही हसला असता, पण तो आता मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष होता. तालुक्याला जाऊन प्रशिक्षण घेऊन आल्यापासून त्याच्या मिशीला जरा जास्तच पीळ बसला होता. लहानपणापासून तो फकिरांच्या तकियात, त्यांच्या झोपडीत बसायचा, त्यांना गुरू मानायचा. हल्ली मात्र विचारायला कमी आणि सांगायला जास्त यायचा.

माणूस वाईट नव्हता. यंदाही बीज वाया गेलं तर बोडी बाहेरच्या ठेकेदाराकडे जाणार होती आणि मग धीवरांच्या पोरांना वीटभट्टीची वाट धरावी लागणार होती.

म्हणून पाळीवर, बोडीच्या बांधावर, बैलगाडी उभी होती, आणि गाडीत ढेपेची पोती. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो ती ढेप. पाण्यात पडली की मासे गुदमरून वर येतात आणि उलटे होतात. पुढे पाणी निवळलं की नवं बीज सोडायचं.

गावाची एक रीत होती. बोडीत काहीही पहिल्यांदा पडायचं ते फकिरांच्या हातून. जाळं असो की बीज. रतिराम त्या हातासाठी आला होता.

"माणसाले काही होत नाही जी. ढोरांलेही नाही."

"मग कोणाले होते?"

"मासोळीले."

"कोणत्या?"

"...साऱ्याच."

फकिरांनी कफनी झटकली. "मोह मोठा दाता झाड आहे रे. फूल खाल्लं, तेल जाळलं, दारू पेलो. ढेप तेवढी राहिली होती."

समोरच्या काठाला भागरथाबाई आणि आणखी दोघी-तिघी ओणव्या होऊन उथळ पाण्यात टोपल्या फिरवत होत्या. बारीक मासोळी, झिंगे, जे हाती लागेल ते. संस्थेत त्यांचं नाव नव्हतं. टोपलीत येईल तोच त्यांचा बाजार आणि तीच भाजी.

"त्या काय करतीन?"

"त्याहीले मी वाटा देईन. पहिला कटला निघाला का भागरथाकाकीच्या घरी. शब्द देतो."

"कटला कधी निघंल?"

"माघात."

"तोवर भाकरीसंगं काय खातीन?"

रतिराम एकदम उसळला.

"मंग काय करू जी? बोडी ठेकेदाराले देऊन टाकू? पोट्ट्याहीले भट्टीवर धाडू? तुमचं काय, तुमची झोळी कोणत्याही गावात भरते!"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं. गुरूला असं कोणी बोलतं का? त्याने मान खाली घातली.

फकिरांना राग आला नाही. उलट त्यांचा चेहरा हळवा झाला. पोराच्या डोक्यावर अख्ख्या वस्तीचं ओझं आहे, हे त्यांना दिसत होतं.

"खरं बोलला," ते म्हणाले. "आण पोतं."

रतिराम बघतच राहिला. इतक्या लवकर होकार मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने घाईघाईने पोत्याचं तोंड सोडलं. फकिरांनी मूठ भरून घेतली आणि ढोपरभर पाण्यात उतरले. मागोमाग रतिराम. अध्यक्षांची मान पुन्हा ताठ झाली होती.

पाणी निवांत होतं. लव्हाळ्याजवळ मात्र ते जरासं थरथरलं.

मग तिथे कुंकू सांडावं तसा एक लालसर घोळका वर आला. मरळीची पिल्लं. श्वास घ्यायला आली होती, एकमेकांना चिकटून, वळवळत. त्यांच्या अगदी खाली एक काळी, जाड पाठ होती. दोन माणसांचे पाय एवढ्या जवळ आले तरी ती पळाली नाही. पिल्लांखाली तशीच थांबून राहिली.

फकिरांनी हात उचलला. मूठ नेमकी त्या घोळक्यावर धरली...

"थांबा जी!"

रतिरामने त्यांचं मनगट पकडलं होतं. कधी पकडलं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"थांबा बाबाजी... लेकुरवाळी आहे!"

धीवराच्या पोराला पोहता येण्याआधी हे कळतं. पिल्लांसोबत असलेल्या मरळीवर जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही. घरात चूल थंड असली तरी नाही. रतिरामच्या बापाने हे पाळलं, आज्याने पाळलं. आणि खुद्द रतिरामने मागच्या पावसाळ्यात, बीज खाते म्हणून शिव्या देत देत, जाळ्यात आलेली अशीच एक मरळ दोन्ही हातांनी उचलून पाण्यात सोडली होती.

फकिरांची मूठ अजून वरच होती. रतिरामचा हात काही सुटत नव्हता. पाळीवर बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली. घोळका हळूहळू खाली गेला आणि काळी पाठ त्याच्यासोबत दिसेनाशी झाली.

रतिरामचे डोळे भरून आले होते. ते लपवायला त्याने तोंड फिरवलं. समोर भागरथाबाई टोपली झटकत होती.

"या कोपऱ्यात नको जी..." तो कसाबसा म्हणाला. "तिकडून टाकू. त्या काठानं."

फकिरांनी हात खाली घेतला. रतिरामचा तळवा उघडला, मुठीतली ढेप त्यात रिकामी केली आणि त्याची बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली.

"मी तर थांबलो, रतिराम..."

ते काठाकडे वळले.

"आता ढेपेले सांग, लेकुरवाळी कोणती ते."