खडीसाखरेचं गुपित

"एकेकट्यालाच का?" हिरागिरी बाबांनी विचारलं.

दिगंबर गुरुजी टेकडी चढून आले होते. दम लागला होता, पण आनंद आवरत नव्हता. मठाचं मुलामुलींचं वसतिगृह तेच सांभाळत.

"गळा तयार व्हायला एकांत लागतो, बाबा. आजपासून केशवबुवा रोज एका मुलाला खोलीत नेऊन शिकवणार. दार लावून. एवढा मोठा गवई आपल्याकडे राहायला आला, भाग्य म्हणायचं. सगळं गाव त्यांना जेवायला बोलावतं. माझी आई तर त्यांना देवच मानते."

"आणि मुलं?"

"मुलांना काय विचारायचं? आमचं एक मूल मोठ्यांच्या शब्दाबाहेर नाही. ही बघा ना, वैजू."

गुरुजींबरोबर आलेली वसतिगृहातली सात वर्षांची वैजू अंगणात फुलं निवडत होती.

बाबांनी तिला जवळ बोलावलं. हातावर खडीसाखर ठेवली. कानात काहीतरी सांगितलं. तिनं मान डोलावली आणि खडा तोंडात टाकून परत फुलांकडे गेली.

"विचारा तिला, मी काय म्हणालो."

"वैजू, बाबा काय म्हणाले गं?"

"काही नाही."

"तोंडात काय आहे?"

"काही नाही."

गुरुजी खूश झाले. "बघितलंत? काय सांगितलं होतंत?"

"हे आपलं गुपित. गुरुजींना सांगायचं नाही."

"वा. शब्द पाळला पोरीनं."

बाबा वैजूकडे बघत राहिले.

...

गुरुजींचं हसू हळूहळू उतरलं.

"तीन वर्षं ती आमच्याजवळ आहे. तिची वेणी माझी बायको घालते. आजवर काही लपवलं नाही तिनं माझ्यापासून... तुम्हाला तर ती आजच भेटली."

"मघाशी तुम्ही माझ्या पाया पडलात. तिनं पाहिलं."

गुरुजी ताडकन उठले. "म्हणजे बुवा तसे आहेत?"

"मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

"पण तसा माणूस ओळखायचा कसा? काही तरी दिसत असेलच ना?"

"दिसलं असतं, तर गावानं जेवायला बोलावलं असतं का? तसा माणूस आधी मोठ्यांना जिंकतो. मुलं मग मोठेच नेऊन देतात."

...

"शिकवणी ओसरीवर होईल," गुरुजी घाईघाईनं म्हणाले. "सगळ्यांसमोर. आजपासूनच. बुवा रुसले तर रुसू देत."

"आणि ही?"

गुरुजी धावतच अंगणात गेले, वैजूपुढे गुडघ्यांवर बसले.

"वैजू, कोणी मोठ्यानं 'सांगू नकोस' म्हटलं ना, तरी मला सांगायचं. बाबांनी म्हटलं तरी. सांग बरं आता."

वैजूनं बाबांकडे बघितलं.

बाबांनी तोंड फिरवलं.

"बाबा, एकदा हो म्हणा ना तिला. तुमच्या शब्दावर लगेच सांगेल."

"म्हणूनच म्हणत नाही."