डोहाकाठची शाळा

फार वर्षांमागे एका डोहावर पाणमांजरांची पोहण्याची नामांकित शाळा होती. आटलेल्या ओढ्याकाठची सावरी आपल्या लेकीला, लव्हाळीला, घेऊन तिथं आली.

"डोह पार करेल त्यालाच प्रवेश," गुरुजी म्हणाले.

डोहाकाठची पिल्लं हसतखेळत पलीकडे गेली. लव्हाळीनं जन्मात एवढं पाणी पाहिलं नव्हतं. ती गटांगळ्या खाऊ लागली, तशी सावरीनं तिला मानेला धरून काठावर आणलं.

"आमच्या शाळेत कुणी बुडत नाही, बाई," गुरुजी म्हणाले.

सावरीनं विचारलं, "गुरुजी, येतं त्यांनाच घेता, मग शिकवता कुणाला?"

गुरुजी आठवू लागले. एकही नाव आठवेना. मग ते उथळ पाण्यात उतरले आणि म्हणाले, "ये बाळ, इथं पाय टेकतात."