विचारघराची चूल

फार फार वर्षांपूर्वी, आजच्या कुठल्याही नकाशावर सापडणार नाही अशा एका राज्यात, दर अक्षय्य तृतीयेला दवंडी पिटली जाई. यंदा कुठे काय पेरायचं, ते राजा त्या दवंडीतून सांगे. अर्धं राज्य नदीकाठचं, काळ्याभोर जमिनीचं. उरलेला अर्धा भाग माळाचा. माळावर वीतभर माती आणि खाली नुसता मुरूम. राजवाडा नदीकाठी होता, त्यामुळे जमीन म्हटलं की राजाच्या डोळ्यांपुढे काळी जमीनच यायची.

एकदा एका पाहुण्याने राजवाड्यातल्या भाताची तोंडभरून स्तुती केली. राजा एवढा खूश झाला की त्याने सगळ्या राज्यात भात लावायचा हुकूम काढला. माळावरसुद्धा! तुम्हाला हसू येईल, पण त्या वर्षी माळावर कुणी हसलं नाही. उन्हाळा संपेपर्यंत कित्येक गावं ओस पडली.

राजा वाईट माणूस नव्हता. ती गोष्ट त्याच्या जिवाला फार लागली. त्याने माळावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला बोलावून घेतलं आणि म्हणाला, "काय पेरायचं ते दरवर्षी तूच मला सांगत जा."

"मी किती दिस पुरणार, महाराज?" म्हातारा म्हणाला. "एक घर बांधा. मानसं येतील, जातील, घर ऱ्हाईल. त्यांनी माती बघावी, पाऊस मोजावा, आन् मग तुमास्नी सांगावं."

"बांधतो. त्यांची जेवणाची ताटं राजवाड्यातून येतील."

"तेवढं नगं. घर माळावर बांधा आन् माळाचीच चाळीस शेतं द्या. तिथं पिकंल त्येच त्या मानसांनी खायचं. आन् जे पेरा म्हणून तुमास्नी सांगायचं, ते आधी तिथं पेरायचं, एक वरीस त्याच्यावर पोट भरायचं, मगच सांगायचं."

"पण ताटं का नकोत?"

"ज्याचं खाल्लं, त्याला 'तुमचं चुकतंय' म्हणताना घास आडवा येतो, महाराज."

राजाला राग आला होता, पण ओस पडलेली गावं त्याला आठवली आणि त्याने म्हाताऱ्याची अट मान्य केली.

असं विचारघर उभं राहिलं. राज्याच्या कानाकोपऱ्यातून हुशार माणसं तिथे आली. सकाळी नांगर धरायचे आणि दुपारी भांडायचे. भांडण मातीवरून, बियाण्यावरून, आणि अंगणातल्या दगडी डोणीत किती बोटं पाऊस साठला त्यावरून. बाजरी, हुलगे आणि मटकी खाऊन सगळे काटकुळे झाले होते. पण त्यांचा शब्द पक्का असे. तीन वेळा त्यांनी राजाला तोंडावर 'नाही' म्हटलं. एकदा तर राजा सहा महिने त्यांच्याशी बोलला नाही. विचारघराची चूल मात्र त्या सहा महिन्यांतही रोज पेटत होती, आणि शेवटी राजालाच यावं लागलं. माळावरच्या लोकांत तर बोलायची रीतच पडली. एखादी गोष्ट खरी आहे असं सांगायचं असलं की म्हणत, "विचारघरानं सांगितलंय."

म्हातारा शेतकरी मरायला टेकला, तेव्हा त्याने बियाणं राखणाऱ्या तरुण मुलीला जवळ बोलावलं. ती माळावरच्याच एका गावची होती. "पोरी," तो म्हणाला, "मानसं काय, हुशार मिळतील. तू चूल सांभाळ. भायेरच्या धान्यावर पेटू देऊ नगं." तिने त्याला शब्द दिला.

चाळीस वर्षं गेली. ती मुलगी आता आजी झाली होती. राजाचा नातू गादीवर आला होता. आणि या नव्या राजाचं विचारघरावर मनापासून प्रेम होतं. सगळं बिघडलं ते तिथेच.

एका कोरड्या वर्षी तो विचारघर बघायला आला. घराचा प्रमुख भर उन्हात नांगर धरून उभा होता. एक बैल बसकण मारून बसला होता आणि प्रमुख त्याला उठवत होता. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"राज्याची सगळी बुद्धी अशी नांगराला जुंपायची?" तो म्हणाला. "उद्यापासून तुमची ताटं माझ्याकडून येतील. तुम्ही फक्त विचार करा."

त्या वर्षी खरोखरच पिकलं नव्हतं. प्रमुख क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, "एवढ्या पावसाळ्यापुरतं चालेल."

आजी बियाण्याच्या कणगीला शेणाने लिंपत होती. तिचे हात थांबले. "आज ताट घेतलंत," ती म्हणाली, "उद्या 'नाही' म्हणायची पाळी आली तर काय कराल?"

"आजी, वरणभाताशी तुमचं काय वैर आहे?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ताटं आली. वरण, भात, वर तुपाची धार. आजीने कोपऱ्यातला एक तुकडा स्वतःसाठी कसायला घेतला आणि आपली भाकरी आपण थापत राहिली. एवढंच तिच्या हातात होतं.

पावसाळा संपला, ताटं काही थांबली नाहीत. माणसं वाढली, त्यांची बायकामुलं आली. शेतांत हरळी आणि कुंद्याचं तण माजलं आणि राजाचे घोडे तिथे चरू लागले. पण परंपरा मोडायची तर कुणाचीच तयारी नव्हती, हे लक्षात ठेवा. 'आधी पेरायचं, खायचं, मग सांगायचं' हा नियम त्यांनी दारावर कोरून घेतला. त्यासाठी चाळिसातलं एक शेत राखलं. राजाचे माळी ते बघत, नदीवरून कावडीने पाणी येई, गाडीने खत येई. पीक निघालं की सगळे एका ओळीत बसत आणि प्रत्येक जण चिमूटभर तोंडात टाके. वर्षभर खाण्याचं काम असं एका चिमटीत उरकायला लागलं.

मग राजाच्या मनात उसाचं आलं. सगळ्या राज्यात ऊस लावायचा, गुळाच्या ढेपा नावेत भरून दूरदूर पाठवायच्या, म्हणजे माळावरची गरिबी जाईल. हेतू चांगलाच होता. त्याने विचारघराला विचारलं. विचारघराने राखलेल्या शेतात ऊस लावला, तो दोन पुरुष उंच वाढला. गूळ झाला. सगळे ओळीत बसले आणि प्रत्येकाने बोटाने चाटून पाहिला.

"गोड आहे," सगळे म्हणाले.

"ते दिसतंयच," आजी म्हणाली. "पण त्याला रोज तीनशे घागरी पाणी घातलंय. मी मोजल्यात. बाकीच्या माळावर पाणी कोण आणून घालणार?"

जो तो बोटं पुसू लागला. सगळे उठून गेल्यावर प्रमुख तिच्याजवळ आला. तो एके काळी चांगला नांगऱ्या होता, आजीला त्याची माया होती.

"मला ठाऊक आहे, आजी," तो हळूच म्हणाला. "ऊस माळावर दोन वर्षं तग धरणार नाही. पण मी 'नाही' म्हणालो आणि उद्या ताटं आली नाहीत, तर? दोनशे माणसं आहेत. लेकरं आहेत."

"तर भाकरी करू."

"कशाची? शेतं कुठे उरलीत?"

आजीने शेतात माजलेल्या कुंद्याकडे पाहिलं.

शेवटी ती एकटीच राजवाड्यावर गेली. राजाने तिला जवळ बसवलं, तिचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे विचारघराचं म्हणणं आहे का?"

"नाही. माझं आहे."

"आजी, माझ्या आजोबांनी मला एकच शिकवलं, मनाचं ऐकू नकोस, विचारघराचं ऐक. आणि विचारघर एकमताने 'हो' म्हणालंय." राजा खोटं बोलत नव्हता. राजा घराच्या तोंडाकडे बघत होता आणि घर राजाच्या तोंडाकडे बघत होतं. शेताकडे बघायला कुणी उरलंच नव्हतं. आजी तशीच परत फिरली.

दवंडी पिटली गेली. चार दिवसांनी आजीचा धाकटा भाऊ गावाहून तिला भेटायला आला. उसाचं बेणं न्यायला निघाला होता.

"ऊस लावू नगंस," आजी म्हणाली.

"आक्का, असं कसं? विचारघरानं सांगितलंय!" भाऊ हसून म्हणाला. "समद्या गावानं बाजरीचं बियाणं दळून खाल्लं. म्हटलं, आता कशाला राखायचं?"

आजीने उठून आपल्या कणगीचं तोंड लिंपून बंद केलं.

पहिल्या वर्षी पाऊस बरा झाला. माळ हिरवागार झाला, घरोघरी गुळाच्या ढेपा लागल्या, राजाचा जयजयकार झाला. दुसऱ्या वर्षी पाऊस हुलकावणी देऊन गेला. विहिरींचे तळ दिसले, ऊस उभ्याने वाळला. तिसऱ्या वर्षी दगडी डोणीत एक बोटही पाणी साठलं नाही. शेजारच्या राज्यांतही तीच गत, त्यामुळे गुळाच्या बदल्यात धान्य द्यायला कुणी तयार होईना. आणि मग माळावर जे झालं ते सांगतानाही मला त्रास होतो. घरात गुळाच्या ढेपा आणि खायला दाणा नाही. लेकरं गूळ चाटत आणि भुकेने रडत.

राजवाड्यातली कोठारंही रिकामी झाली. एका सकाळी ताटं आली नाहीत. राजाने निरोप पाठवला, 'क्षमा करा, आता माझ्याच घरात काही नाही.' दोनशे माणसं शेतात धावली. कुंद्याच्या मुळ्या हातभर खोल गेल्या होत्या. नांगर कुणाला धरता येईना, आणि धरला असता तरी पेरायला काय होतं?

सगळ्या राज्यात बाजरीचं बियाणं उरलं होतं ते एका कणगीत, आजीच्या.

त्याच दिवशी भाऊ आला. रिकामं पोतं आणि एक गाढव घेऊन, चार दिवस चालत. आजीने कणगी उघडली आणि सगळं बियाणं त्याच्या पोत्यात ओतलं. प्रमुख तिथे उभा होता. त्याने एक दाणाही मागितला नाही.

"आक्का, खायचं का राखायचं?" भावाने विचारलं.

आजीने प्रमुखाकडे पाहिलं. अशाच प्रश्नासाठी तर हे घर बांधलं होतं. प्रमुख आत गेला, साठ वर्षांच्या पावसाच्या नोंदी त्याने एकेक करून पाहिल्या आणि संध्याकाळी बाहेर आला.

"राखा," तो म्हणाला. "पाऊस सलग दोन वर्षं गेला असं दोनदा घडलंय. त्याच्या पुढच्या वर्षी दोन्ही वेळा आला, आणि लवकर आला. दीड महिना कसंही काढा. पाला खा, कंद उकरा, पण हे पेरायला ठेवा."

बऱ्याच वर्षांनी विचारघर खरं बोललं होतं.

भाऊ गावी पोचला. उरलेली माणसं पाराजवळ जमली. तो म्हणाला, "हे खायचं न्हाई. दीड महिन्यात पाऊस येतोय, तवा पेरायचं."

"कोण म्हणतं?" एका बाईने विचारलं. तिच्या कडेवरचं मूल आता रडतही नव्हतं.

"विचारघरानं सांगितलंय."

ती बाई पुढे आली आणि तिने पोत्याचं तोंड सोडलं. त्याच दिवशी गावात जाती फिरली आणि सगळं बियाणं दळून झालं. त्यांना दोष कोण देणार? मी तरी देणार नाही.

बरोबर त्रेचाळिसाव्या दिवशी पाऊस आला. धो धो आला, लवकर आला, सगळा माळ भिजवून गेला. पेरायला दाणा नव्हता. ओल्या रानात हरळी उगवली, कुंदा उगवला. भावाचं गाव दसऱ्याच्या आत ओस पडलं, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी गावं. भाऊ आजीकडे पुन्हा आला नाही.

विचारघर अजून उभं आहे म्हणतात. आजी मेली त्या दिवशी तिची चूल विझली, ती पुन्हा कुणी पेटवली नाही. दारावर कोरलेला नियम तेवढा अजून वाचता येतो.

तात्पर्य: राजाला खरं सांगायचं काम ज्याने पत्करलं, त्याने आपली भाकरी आपल्याच शेतात पिकवावी, कारण गेलेला पाऊस परत येतो, गेलेला विश्वास येत नाही.