आतल्या बाजूची चकाकी

एकदा एका गावात कवळ्या बनवणारा एक म्हातारा राहत होता. बोलायला तुसडा, पण कामाला पक्का. त्याच्या हाताखाली एक शिष्य शिकत होता. त्याला चकाकीचं भारी वेड.

एके दिवशी एक कापडाचा व्यापारी वरची कवळी करून घ्यायला आला. त्याची बायको जन्माची बहिरी. सगळा संसार तिने नवऱ्याच्या ओठांकडे बघून समजून घेतला होता. दात गेले, त्याचे ओठ आत ओढले गेले, आणि तिला काही उमजेना. त्यात आता ती अंथरुणाला खिळलेली.

"बाबा, लवकर करा," व्यापारी म्हणाला. "ती जायच्या आत तिच्याशी बोलायचंय."

म्हाताऱ्याने टाळूचं माप घेतलं, कवळी केली आणि शेवटचा हात फिरवायला शिष्याकडे दिली. शिष्याने बाहेरून तर चमकवलीच, पण हौसेने टाळूला टेकणारी आतली बाजूही घासून आरशासारखी केली. म्हाताऱ्याने ती न बघताच देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी व्यापारी परत दारात. "तोंड उघडलं की खाली पडते हो. ती बघते आणि डोळे मिटून घेते."

शिष्य म्हणाला, "बाबा, हे प्लास्टिकच कुचकामी. धातूची करू."

"गप रे शहाण्या! धातूची चांगली बसते, मला ठाऊक आहे. पण तीही तू आतून घासली असतीस, तर तीही पडली असती. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो. तोच दोघांना धरून ठेवतो. फट पडली की त्याचा जोर संपला. त्या बाजूला या माणसाच्या टाळूचा ठसा होता, तो तू पुसलास. आतून बघायला कोण येणार होतं रे?"

शिष्याची मान खाली गेली. म्हाताऱ्याने पुन्हा माप घेतलं, नवी कवळी केली. पण व्यापारी न्यायला आलाच नाही. आला तो बायकोचं दिवसकार्य उरकून, डोकं भादरलेलं.

"आता कशाला हवी, बाबा?"

"बसा शेटजी." म्हाताऱ्याने त्याला घोटभर पाणी पाजलं, कवळी बसवली. मग स्वतःच्या दोन्ही कानांत गच्च कापूस कोंबला आणि समोर बसला. "आता बोला. मला ऐकू येत नाही."

शिष्य बाहेर गेला. दाराबाहेरून त्याला नुसता आवाज येत होता. आधी अडखळत, मग सलग, मग रडका. कवळी एकदाही पडली नाही. बऱ्याच वेळाने व्यापारी हात जोडून निघून गेला. शिष्य आत आला, तेव्हा म्हातारा कानांतला कापूस काढत होता.

"बाबा, हे काय केलंत? बाई तर गेली."

"गेली. तुझ्या हौसेने आणि माझ्या आळसाने त्याचं बोलणं तोंडातच राहिलं. ते तिच्यापर्यंत पोचवणं आता आपल्या हातात नाही. निदान त्याच्या तोंडातून तरी निघू दे."

शिष्याने हळूच विचारलं, "ओठांवरून काय कळलं तुम्हाला?"

म्हाताऱ्याने हातातला कापूस खाली ठेवला.

"काही नाही. एक अक्षर नाही. तिला सगळं कळलं असतं."