काकूंची चिंच आणि जावयाची चाकं

ही गोष्ट माझ्याइतकी झकास दुसऱ्या कुणाला सांगता यायची नाही. ती दुसऱ्या कुणाला ठाऊकच नाही, हा भाग वेगळा.

वडजाई नावाच्या गावात द्वारकाकाकू राहत होत्या. तांब्यापितळेची भांडी घासावीत ती काकूंनीच. चिंचेचा कोळ आणि चाळलेली राख, एवढीच त्यांची हत्यारं. देवळातली समई त्यांनी घासली की पुजारीबुवा तिच्यात बघून भांग पाडत. भांग पाडण्याइतके केस ज्यांना उरले नव्हते, तेही उगाच वाकून बघून जात. बायका युक्ती विचारायला आल्या की काकू म्हणत, “डाग निघत नाही असं नसतं बायांनो. घासणारीचा हात थकतो.”

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला आणि नवे जावई शैलेशराव नवीकोरी गाडी घेऊन आले. गाडीवर त्यांचा जीव भारी. आत बसताना चपला काढून हातात घेत. मागच्या महिन्यात दाराला एक ओरखडा दिसला, तर त्यांनी वृंदाशी, म्हणजे काकूंच्या लेकीशी, आठवडाभर अबोला धरला होता. ओरखडा निघाला मांजराचा. मांजराशी मात्र ते बोलत होते.

दुपारी पुरणाचे धोंडे झाले, वाटीभर तूप झालं, तांब्याच्या ताम्हनाचं वाण झालं. जावई आडवे झाले आणि घोरू लागले. काकूंचं मन काही भरेना. अंगणात गाडी उभी होती. चाकांवर वाटेची धूळ. मागे सायलेन्सरच्या नळीचं तोंड तर पातेल्याच्या बुडासारखं काळं. काकूंनी पदर खोचला. जावई उठायच्या आत गाडीची समई करायचीच, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

आधी नळी. कोळ लावला, राख लावली, काजळी उतरली आणि खालून स्टील असं लखलखलं की काकूंना त्यात आपलं नाक दिसलं. नाक बरंच मोठं दिसलं, पण तो दोष नळीचा.

मग चाक. त्याच्या चंदेरी पात्यांवर काकूंनी कोळ आणि राख चोळली. चाक चमकायच्या ऐवजी दुधाळ पडलं. काकूंना वाटलं, मळ वर येतोय. त्यांनी जोर वाढवला. चाक हट्टी, तशा काकूही हट्टी. शेवटी पाणी ओतून बघितलं, तर पाती जर्मनच्या जुन्या थाळीसारखी निस्तेज झालेली. हात लावला, तर खरखरीत.

दुसरी कुणी असती तर तिथेच रडत बसली असती. काकू थेट स्टँडजवळच्या दस्तगीरच्या दुकानात गेल्या. तो गाड्यांचं सामान विकायचा.

“सगळ्यात जहाल पॉलिश दे.”

“कशाला लावायचंय?”

“चाकाला.”

“चाक कशाचं आहे?”

“रबराचं.”

“रबराच्या आतलं विचारतोय, काकू. त्याला काही लावलंय का आधी?”

“शेजारणीनं चिंच लावली.”

दस्तगीरनं काकूंच्या बोटांकडे बघितलं. “मग शेजारणीचे हात तरी धुवा.”

काकूंनी नळावर हात धुतले आणि सायलेन्सरच्या नळीला राख लावल्याचंही सांगून टाकलं. दस्तगीरनं सगळं नीट सांगितलं. नळी स्टीलची, तिला स्टीलचं पॉलिश आणि मऊ फडकं पुरतं, तेही नळी थंड असताना. राखेनं ती चमकली खरी, पण उन्हात धरून बघा, बारीक रेघा दिसतील. चाकाची गोष्ट निराळी. आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे पॉलिशचा थेंब चोळायचा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे, त्याला ॲल्युमिनियमचं पॉलिश चालतं. फडकं तसंच राहिलं तर वर पारदर्शक लेप आहे. मग पॉलिशचं नाव काढायचं नाही. साबणाचं पाणी, आणि कोरडं झाल्यावर मेण.

“आणि लेप निघून गेला असेल तर?”

“तो शहरात नव्यानं चढवून मिळतो. घरी घासून नाही मिळत.”

काकू पॉलिश आणि मेण घेऊन घरी आल्या. दुसऱ्या चाकाच्या आतल्या बाजूला थेंब चोळला. फडकं तसंच राहिलं. म्हणजे पहिल्या चाकाचा मळ नव्हे, लेपच त्यांनी उतरवला होता.

वृंदा मागे येऊन उभी होती. तिनं सगळं ओळखलं. ती हळूच म्हणाली, “आई, बाकीची तीन धुळीतच राहू दे. चारही सारखी दिसतील. सहा महिने त्यांना कळायचं नाही.”

“आणि कळल्यावर अबोला कुणाशी?”

“माझ्याशी. सोसेन मी.”

“मी बिघडवायचं आणि तू सोसायचं? असलं वाण मी लेकीला देत नसते. आत जा, चहा टाक.”

काकू पुन्हा बसल्या. साबणाचं पाणी, मऊ फडकं, वर मेण. एकेक चाक उजळत गेलं. पण जसजशी ती तीन उजळली, तसतसं ते चौथं जास्तच वाईट दिसू लागलं. काकू आपल्याच हातानं आपली चहाडी करत होत्या, आणि अगदी मन लावून करत होत्या. कंबर दुखली, तरी तिसऱ्या चाकाचा एक कोपरासुद्धा त्यांनी सोडला नाही.

तेवढ्यात शैलेशराव डोळे चोळत अंगणात आले. काकू उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, “शैलेशराव, हे चाक मी बिघडवलं. चिंच आणि राख लावली. वृंदानं हातसुद्धा लावला नाही.”

शैलेशरावांचं तोंड उतरलं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. तीन चाकं बघितली, चौथं बघितलं, मग काकूंची सुरकुतलेली ओली बोटं बघितली. अबोला धरायचा तर आता सासूशी धरावा लागणार होता, आणि रात्रीचं जेवण अजून व्हायचं होतं.

“ती तीन तशीच ठेवली असती तर मला कळलं नसतं,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे. म्हणून तर घासली.”

शैलेशराव बाह्या सारून नळीपाशी उकिडवे बसले. “इथे बारीक रेघा पडल्यात. पॉलिश द्या इकडे.” आणि घराकडे बघून म्हणाले, “वृंदा, चहा बाहेरच आण. तुझाही आण.”

तात्पर्य: घासायला बसण्याआधी समोरची वस्तू कशाची आहे ते बघावं, आणि चुकून बिघडलीच, तर बाकीच्या मळक्या ठेवून ती चूक झाकू नये.

हे तात्पर्य मी द्वारकाकाकूंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, “भावजी, तुम्ही असली तात्पर्यं सांगत गावभर लोकांना घासत हिंडता. कुणावर लेप आहे आणि कोण उघडं आहे, ते आधी कधी बघता का?”